बारावा अध्याय, पहिला रविवार: माझा राहिलेला गृहपाठ



मागच्या महिन्यात बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, की तुमच्या जामनेरच्या घरी दर रविवारी मुलांचा गीतेचा वर्ग चालतो, त्यात नेमकं शिकवता काय? गृहपाठ काय देता? आमच्या सोसायटीत तसं सुरू करायचं तर कसं करायचं? म्हणून आजचं चिंतन नेहमीपेक्षा जरा लांब आहे. श्लोक मात्र एकच, बाराव्या अध्यायातला तेरावा. त्यातलाही खरं तर पहिलाच शब्द.

आधी वर्गाबद्दल. लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन गावी आलो तो इथंच राहिलो. कंपनी पुण्याची, काम जामनेरच्या घरातून. गल्लीतली नऊ मुलं रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या ओसरीवर बसतात, सर्वात लहान दुसरीत आणि सर्वात मोठी नववीत. वर्गाची पद्धत मात्र माझी नाही, थोडी उसनी आहे. अमेरिकेत टेक्सासला माझा मावसभाऊ राहतो. त्याच्या शेजारचं ख्रिस्ती कुटुंब मुलांना शाळेत घालत नाही, घरीच शिकवतं. तशी पंधरा-वीस कुटुंबं आठवड्यातून एक दिवस चर्चच्या हॉलमध्ये जमतात. त्या दिवशी पाठ होतो, पुढच्या आठवड्याचा अभ्यास ठरतो आणि उरलेले दिवस तो अभ्यास आई-बाप घरी करून घेतात. बायबलची वचनं, लॅटिन, इतिहासाच्या सनावळ्या, सगळं आधी पाठांतर. समजावणं नंतर.

त्यामागचा विचार जुना आहे. युरोपात मध्ययुगात शिक्षणाच्या तीन पायऱ्या मानत: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने 1947 साली ऑक्सफर्डला एक निबंध वाचला. तिचं म्हणणं असं, की या तीन पायऱ्या मुलांच्या वयाशीही जुळतात. लहान मुलाला पाठ करायला आवडतं, जरा मोठं झालं की ते वाद घालतं, आणि त्यानंतर त्याला स्वतःचं काही सांगायचं असतं. तर मग त्या त्या वयात तेच करू द्या! मला हे एकदम पटलं. आमच्याकडे दुसरी ते चौथीची मुलं फक्त श्लोक म्हणतात. पाचवी ते सातवीच्या मुलांनी दर रविवारी एक प्रश्न आणायचा, 'असं का?' हा प्रश्न. आठवी-नववीच्यांनी तोच श्लोक लहानांना आपल्या भाषेत सांगायचा. सोसायटीत वर्ग सुरू करणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट जरूर घ्यावी. सगळ्यांना सगळं शिकवायला गेलं की लहान कंटाळतात आणि मोठ्यांना लाज वाटते.

आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन आहेच. पण ते म्हणजे हेच, असं मी म्हणणार नाही. वक्तृत्व लोकांसमोर दिसतं. निदिध्यासन झालंय की नाही हे दुसऱ्याला कळतही नाही. माझी अडचण नेमकी इथंच झाली, पण ते पुढे सांगतो.

सुरुवातीला मी फार चुकलो. इंजिनिअर माणूस! पूर्ण अध्यायाचे वीस श्लोक, चार आठवडे, आठवड्याला पाच. मुलांच्या नावांची एक्सेल शीट, पाठ झालं की हिरवा रंग. ऑफिसमध्ये जे स्प्रिंट चालतात तेच ओसरीवर. महिन्याने शीट हिरवीगार झाली आणि सहावीतल्या एका मुलाने पूर्ण अध्याय एका दमात म्हणून दाखवला, स्टेशनवर गाडीची घोषणा करतात तसा. मी विचारलं, 'यात देव कोणाला आवडतो म्हटलंय रे?' तो माझ्याकडे बघतच राहिला. चूक त्याची नव्हती. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

मग मला आपल्याच खान्देशातला रविवारचा वर्ग आठवला. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली, दर रविवारी एक अध्याय. 21 फेब्रुवारीला पहिला आणि 19 जूनला अठरावा, असे सलग अठरा रविवार. समोर बसून ती प्रवचनं साने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे. साने गुरुजी त्याआधी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, तेव्हा लिहिण्याचा हात त्यांना होताच. बाराव्या अध्यायाचा रविवार 8 मेचा. धुळ्यातला मे महिना ज्याने अनुभवलाय त्याला मी वेगळं काय सांगू!

त्या प्रवचनात विनोबा एकेका शब्दाचा अर्थ सांगत बसत नाहीत. सगुण भक्ती आणि निर्गुण भक्ती यांसाठी ते रामायणातले दोन भाऊ समोर उभे करतात. लक्ष्मण रामाजवळ राहून सेवा करतो, भरत रामापासून दूर राहून रामाचं काम करतो. दोन्ही भक्तच. वाचताना जाणवतं, की ऐकणाऱ्यांनी श्लोक पाठ केलेत का, याची विनोबांना काळजी नाही. ते बसलेत कैद्यांसमोर. घरापासून, माणसांपासून तुटलेल्या माणसांना 'दूर राहूनही सेवा होते' हे सांगणं म्हणजे त्या आठवड्याचा अभ्यास देणंच की.

मी शीट डिलीट केली. बाराव्या अध्यायातले शेवटचे आठच श्लोक घेतले, तेरा ते वीस. यांना अमृताष्टक म्हणतात. देवाला प्रिय असलेला भक्त कसा असतो त्याची लक्षणं यात आहेत. आठ श्लोक, आठ रविवार. आणि गृहपाठ पाठांतराचा नाही, करण्याचा. वहीत तारीख घालायची आणि पुढे फक्त 'केलं' किंवा 'नाही केलं' एवढंच लिहायचं. कोणासाठी केलं, काय केलं, हे लिहायचं नाही. मुलांचं मन असं उघडं मांडायला लावू नये, असं मला वाटतं. आणि शिकवणाऱ्यानेही वही ठेवायची. हा नियम मुलांनी घातला. मी उत्साहात 'हो' म्हणून बसलो.

आता श्लोकाकडे. पहिलं लक्षण 'अद्वेष्टा', कोणत्याही जीवाचा द्वेष न करणारा. त्यानंतर मैत्री, त्यानंतर करुणा. हा क्रम बघा. माझ्या वर्गातल्या सातवीच्या मुलीने बरोबर इथंच बोट ठेवलं: 'काका, आधी नाही-नाहीचं का सांगितलं? प्रेम करा, असं सरळ का नाही?' मला पटकन उत्तर देता आलं नाही. रात्री ज्ञानेश्वरी उघडली.

बाराव्या अध्यायावर ज्ञानेश्वरीत 247 ओव्या आहेत. 'अद्वेष्टा'साठी माउली तीन दाखले देतात. पृथ्वी चांगल्याला धरते आणि वाईटाला टाकते, असं करत नाही. प्राण राजाच्या देहात राहीन, रंकाचा सोडीन, असं म्हणत नाही. आणि तिसरा पाण्याचा. गाय प्यायला आली तर तिची तहान भागवावी आणि वाघ आला तर विष होऊन त्याला मारावं, हे पाण्याला माहीतच नाही. पुढे अठराव्या श्लोकात शत्रू आणि मित्र सारखे, असं लक्षण येतं तिथं पुन्हा असेच दाखले आहेत. झाड लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला एकच सावली देतं. दिवा घरच्याला उजेड आणि परक्याला अंधार, असं करत नाही. ऊस वाढवणाऱ्याला गोड आणि गाळणाऱ्याला कडू होत नाही.

मुलीच्या प्रश्नाला मला सापडलेलं उत्तर असं. पाणी वाघावर प्रेम करत नाही. ते फक्त त्याच्यासाठी वेगळं होत नाही. प्रेम करा म्हटलं की आपण लगेच जवळचं माणूस निवडतो आणि त्याच्यावर करतो. 'अद्वेष्टा'मध्ये निवडायला जागाच नाही. तिथं नको असलेला माणूसच समोर येतो. म्हणून मैत्रीच्या आधी ते. हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असेल तर कळवा.

त्या रविवारचा गृहपाठ मी मोठ्या दिमाखात दिला: ज्याचा राग येतो, त्याच्यासाठी या आठवड्यात एक लहान काम करायचं. त्याला कळलं नाही तरी चालेल.

पाण्याचा दाखला सांगताना माझी जीभ कुठेतरी अडखळली होती. आमची शेतातली विहीर सामाईक आहे, आमची आणि चुलतभावाची. दोन दिवस त्यांची पाळी, दोन दिवस आमची. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात बागायती कपाशी लावली होती आणि विहिरीला पाणी जेमतेम. थ्री फेज लाइट रात्रीची. आमच्या पाळीच्या रात्री त्याची मोटर चालू सापडली. तो म्हणाला, सालदाराच्या चुकीने झालं. आम्ही ते मानलं नाही. वडील रागाच्या भरात म्हणाले, 'कुलूप लावून टाक.' बाजारातून कुलूप आणून स्टार्टरच्या सामाईक पेटीला लावणारा मी. त्यानंतर त्याने कर्ज काढून वेगळी मोटर आणि वेगळी केबल टाकली. आमचं बोलणं बंद. त्याचा मुलगा माझ्या लेकीच्याच वर्गात आहे, पाचवीत, आणि रविवारी आमच्या ओसरीसमोरून सायकल घेऊन जातो.

पहिल्या रविवारी मी माझ्या वहीत लिहिलं, 'नाही केलं'. दुसऱ्या रविवारीही तेच. नऊ मुलांपैकी सात जणांचं 'केलं' होतं. कोणी काही बोललं नाही, पण माझी लेक वही बंद करताना जरा जास्तच वेळ बघत होती. घरी जेवताना तिने विचारलं, 'पप्पा, तो का येत नाही आपल्या वर्गाला?' मी म्हटलं, 'त्याला वेळ नसेल.' ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी रोज सांगतो की अडलेलं काम लपवू नका, बोर्डवर लाल करून ठेवा. आणि इथं हे.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, शेतात गेलो. पेटीचं कुलूप काढलं. तीन वर्षांत गंजलेलं, किल्ली फिरेना, शेवटी दगडाने तोडलं. त्याच्या बांधावर त्याचा सालदार होता. त्याला म्हटलं, 'दादाला सांग, पेटी उघडी आहे. उन्हाळ्यात मोटर बिघडली तर आमची चालवा.' सालदार म्हणाला, 'नानांना इचारलं का तुम्ही?' नाना म्हणजे माझे वडील. मी विचारलं नव्हतं. अजूनही नाही. दादाचा फोन आला नाही. मीही केला नाही.

रविवारी वहीत 'केलं' लिहिलं. संध्याकाळी पुढच्या श्लोकाची तयारी करायला वही उघडली, तर माझ्या शब्दापुढे पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'अर्धं'. अक्षर लेकीचं. मी ते खोडलं नाही.

येत्या रविवारी चौदावा श्लोक आहे, सतत संतुष्ट असणारा. गृहपाठ अजून ठरवलेला नाही. त्याआधी शनिवारी नानांशी बोलायचं आहे.

राम कृष्ण हरी.