गांवची जन्ममृत्यूची वही व जगाची शिरगणती



खळ्यावर रास पडली कीं पोतीं मोजल्यावांचून आपण ती घरीं नेत नाहीं. दावणीचीं जनावरें, बागेंतील झाडें, सोसायटीचें देणें, हें सर्व आपण मोजतों. परंतु ज्यांच्यासाठीं ही सारी उठाठेव, त्या माणसांची मोजणी मात्र सरकारचें काम समजून आपण तिकडे काणाडोळा करितों. इ. स. २०२३ च्या एप्रिलअखेर भारताची लोकसंख्या चीनच्या पुढें जाईल असा हिशेब संयुक्त राष्ट्रसंघानें प्रसिद्ध केला, तेव्हां पारावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं मला विचारिलें, “भाऊसाहेब, आपल्याकडे तर २०११ नंतर माणसें मोजावयास कोणी आलेंच नाहीं. मग सातासमुद्रांपलीकडे बसून हें कोणीं मोजलें?”

प्रश्न मार्मिक होता. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें असल्यामुळें या मोजणीची खालची बाजू त्यानें पाहिली आहे. वरची बाजू वाचून समजून घेतली. या दोन्ही बाजू वाचकांपुढें ठेवाव्या, व या मोजणींत आपल्या जिल्ह्याविषयीं जें एक कटु सत्य निघालें आहे तेंही सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

वऱ्हाडची खानेसुमारी

वऱ्हाडांत पहिली खानेसुमारी १८६७ सालीं झाली. अवघ्या देशाची पहिली गणती १८७२ च्या सुमारास झाली, व सर्व प्रांतांत एकाच वेळीं मोजण्याची पद्धत १८८१ पासून सुरू झाली. तेव्हांपासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनीं हें काम बिनचूक चालत आलें. २०२१ ची गणती करोनाच्या सांथीमुळें लांबणीवर पडली, व पुढील गणतीसाठीं १ मार्च २०२७ हा दिवस मुक्रर केल्याची अधिसूचना १६ जून २०२५ रोजीं निघाली.

या गणतीचा उपयोग काय, हें आपल्याच जिल्ह्यावरून पाहूं. १९०१ सालीं बुलढाणा जिल्ह्याची वस्ती ४,२३,६१६ भरली. त्या वेळीं जिल्ह्यांत चिखली, मेहकर व मलकापूर हे तीनच तालुके होते. खामगांव व जळगांव हे तालुके १९०५ च्या फेररचनेंत अकोल्याकडून आपल्याकडे आले. दहा वर्षांपूर्वींच्या मानानें ही वस्ती शेंकडा १२ नीं घटली होती, म्हणजे आठांतला जवळजवळ एक माणूस कमी झाला होता. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं काय केलें, हें एका आंकड्यानें जसें कळतें तसें दहा वर्णनांनीं कळत नाहीं. पुढें १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची सांथ आली. १९११ सालीं देशाची वस्ती सुमारें २५ कोटि २० लाख होती, ती १९२१ सालीं वाढण्याऐवजीं थोडी कमीच भरली. त्यानंतरच्या प्रत्येक गणतींत मात्र वाढच झाली. १९५१ सालीं ३६ कोटि व २०११ सालीं १२१ कोटि, असा हा चढता आलेख आहे.

ही वाढ लोकांना अधिक मुलें होऊं लागलीं म्हणून झाली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. विहिरीचें पाणी दोन कारणांनीं चढतें: एक, झरे जास्त वाहूं लागले तर, दुसरें, उपसा कमी झाला तर. येथें उपसा कमी झाला. देवी, प्लेग, पटकी व हिंवताप यांना आळा बसला, दुष्काळांत धान्य पोंचूं लागलें, व पूर्वीं जीं मुलें वर्षाच्या आंत दगावत तीं जगूं लागलीं. झरे मात्र कांहीं काळ पूर्वीसारखेच वाहत राहिले. हल्लीं ते झरेही मंदावले आहेत, हें पुढें सांगतों.

दोन खानेसुमारींच्या मधला हिशेब

आतां त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळूं. खानेसुमारी दहा वर्षांनीं एकदां होते. मधल्या वर्षांचा हिशेब जन्म व मृत्यु यांच्या नोंदीवरून करावा लागतो. आपल्या भागांत ही नोंद फार जुनी आहे. गांवचें कोतवाल बुक पुष्कळांना ठाऊक असेल. जातीच्या दाखल्यासाठीं आजा-पणजाच्या नोंदीची नक्कल काढावयास तहसील कचेरींत खेटे घालतांना तर तें हटकून आठवतें. शंभर वर्षांपूर्वीं कोणा कोतवालानें सांगितलें व कोणा पाटलानें लिहून घेतलें, म्हणून आज पणतवाचें काम होतें. ज्या घरची नोंद राहून गेली त्या घरचें काम अडतें.

हल्लीं १९६९ च्या कायद्यानें जन्म व मृत्यु दोन्ही २१ दिवसांच्या आंत कळविणें सक्तीचें आहे. तरीही कांहीं नोंदी राहतातच. म्हणून सरकारनें नमुना नोंदणीची एक युक्ति काढिली. १९६४-६५ सालीं ती कांहीं ठिकाणीं चालवून पाहिली, व १९६९-७० पासून देशभर लागू केली. पोत्यांत बांबी घालून मूठभर धान्य काढावें व त्यावरून पोत्याची प्रत ठरवावी, तसाच हा प्रकार आहे. देशांतील कांहीं हजार गांवें व शहरांतील मोहल्ले नमुन्यादाखल निवडले जातात. तेथें एक स्थानिक मनुष्य वर्षभर प्रत्येक जन्म व मृत्यु लिहीत राहतो. सहा महिन्यांनीं दुसरा अधिकारी त्याची वही न पाहतां घरोघर स्वतंत्र चौकशी करितो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात, व ज्या नोंदी जुळत नाहींत त्या पुन्हां गांवांत जाऊन तपासतात. एकाच्या चुकीला दुसऱ्याचा आळा बसावा, हें या पद्धतीचें मर्म आहे.

जगाचा हिशेब कसा होतो

दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४६ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें लोकसंख्येसाठीं एक स्वतंत्र विभाग न्यूयॉर्क येथें उघडिला. प्रत्येक देशाची खानेसुमारी, जन्ममृत्यूच्या नोंदी व घरोघरचे नमुना सर्व्हे एकत्र करून हा विभाग साधारणतः दर दोन वर्षांनीं जगाचा अंदाज प्रसिद्ध करितो. हें शास्त्र आपल्याकडेंही रुजलें आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतर्फें वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनीं पुणें जिल्ह्यांतील जनन व मृत्यु यांची पाहणी करून १९५३ सालीं प्रसिद्ध केली. मुंबईस देवनार येथें भारत सरकार, सर दोराबजी टाटा ट्रस्ट व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्या विद्यमानें १९५६ सालीं एक संस्था निघाली. आज ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते, व आशिया-आफ्रिकेंतील विद्यार्थीही तेथें शिकावयास येतात. १९९२-९३ पासून देशभर होत असलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी याच संस्थेच्या देखरेखीखालीं चालत आली.

पुढचा अंदाज कसा बांधतात? संत्र्याच्या बागेचा मालक जसा बांधतो तसाच. नवीं कलमें किती, ऐन बहराचीं झाडें किती, उतरणीचीं किती, हें मोजलें कीं पांच वर्षांनंतरच्या फळाचा अदमास येतो. त्याचप्रमाणें कोणत्या वयाचे स्त्री-पुरुष किती, त्या त्या वयांत मृत्यु किती व मातेमागें मुलें किती, यावरून हे लोक पुढील पन्नास वर्षांचा अंदाज करितात. एका स्त्रीस सरासरी २.१ मुलें झालीं तर पिढीच्या जागीं तेवढीच पिढी उभी राहते. वरचा दशांश लागतो तो अशासाठीं, कीं मुलगे मुलींपेक्षां किंचित् अधिक जन्मतात व कांहीं मुली माता होण्यापूर्वींच दगावतात. २०१९-२१ च्या पाहणींत हा आंकडा देशासाठीं २.० व महाराष्ट्रासाठीं १.७ निघाला. तरी देशाची वस्ती आणखी कांहीं दशकें वाढणारच, कारण बागेंत कोंवळीं झाडें पुष्कळ आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणें भारत २०६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत सुमारें १७० कोटींवर, व जग २०८० नंतरच्या दशकाच्या मध्यास सुमारें १,०३० कोटींवर पोंचेल, व त्यानंतर उतार लागेल.

आंकड्यावरून धोरण

आंकडा हातीं आला म्हणजे शहाणपण आलेंच असें नव्हे. कुटुंबनियोजन हें सरकारी धोरण म्हणून १९५२ सालीं प्रथम स्वीकारणारा देश आपला. १९७४ सालीं बुखारेस्ट येथील जागतिक परिषदेंत आपलेच आरोग्यमंत्री डॉ. करणसिंह यांनीं, लोकांची उन्नति हाच संततिनियमनाचा उत्तम मार्ग, असें बजाविलें. परंतु लवकरच आणीबाणी आली, व शस्त्रक्रियांचे आंकडे भरण्यासाठीं खेड्यापाड्यांतून माणसें धरून नेण्यांत आलीं. १९७६ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर सक्तीच्या शस्त्रक्रियेचें विधेयकच मंजूर केलें होतें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें अंमलांत आलें नाहीं. पुढें १९९४ सालीं कैरो येथें १७९ देश जमले. संख्येचें लक्ष्य ठरवून लोकांवर न लादतां स्त्रियांचें शिक्षण, आरोग्य व त्यांचा स्वतःचा निर्णय यांवर भर द्यावा, असें तेथें ठरलें. महाराष्ट्रांतील मातेमागें मुलांचें प्रमाण आज इतकें खालीं आलें आहे, तें आणीबाणींतील धाकानें आलेलें नाहीं.

आपल्या जिल्ह्याचा आंकडा

आतां त्या कटु सत्याकडे येतों. २०११ सालीं बुलढाणा जिल्ह्याची वस्ती २५,८६,२५८ भरली. त्यांत सहा वर्षांपर्यंतचीं मुलें वेगळीं मोजलीं, तेव्हां दर हजार मुलग्यांमागें मुली निघाल्या ८५५. दहा वर्षांपूर्वीं, २००१ सालीं, याच जिल्ह्यांत त्या ९०८ होत्या. निसर्गतः दर १०० मुलींमागें सुमारें १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागें साडेनऊशें मुली असावयास पाहिजेत. दर हजारीं नव्वदांच्या वर मुली कोठें गेल्या? दुष्काळ नाहीं, सांथ नाहीं. १९०१ चा खड्डा दैवानें पाडिला. हा मनुष्यानें पाडिलेला आहे. गर्भाचें लिंग सांगण्यास बंदी करणारा कायदा देशांत पहिल्यानें महाराष्ट्रानेंच १९८८ सालीं केला, व १९९४ सालीं तो सर्व देशासाठीं झाला. तरी सोनोग्राफीचें यंत्र ज्या कामासाठीं आलें त्याखेरीज दुसऱ्या कामासही वापरलें गेलें, व जिजाऊसाहेबांचें माहेर सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यांत आहे तेथें हें घडलें.

येथें स्वतःविषयीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. २०११ च्या गणतीच्या वेळीं मी तहसील कचेरींत त्या कामावर होतों. गांवांचे तक्ते माझ्या टेबलावरून जात. एका गांवच्या तक्त्यांत लहान मुलांच्या रकान्यांत एकोणतीस मुलगे व सतरा मुली होत्या. लहान गांवीं योगायोगानेंही असें होतें, हें खरें. परंतु त्याखालच्या गांवींही मुली कमीच होत्या, व त्याच्याही खालच्या गांवीं तसेंच. मीं तीन वेळां बेरीज केली. बेरीज बरोबर होती, म्हणून सही करून तक्ते वर पाठविले व चहा प्यावयास गेलों. बेरीज चुकली असती तर मीं गांवीं निरोप धाडिला असता. मुली कमी पडल्या त्याचा निरोप कोणास धाडावा, हें मला सुचलें नाहीं. त्या गांवांत माझे सोयरे होते. आज त्या तक्त्यांतले मुलगे लग्नाच्या वयास येऊन ठेपले आहेत, व त्यांचे वडील मला विचारितात, “भाऊसाहेब, पांच एकर ओलिताची जमीन आहे, पोरगा निर्व्यसनी आहे, पण स्थळ सांगून येत नाहीं.” मुली शेतकऱ्यास नको म्हणतात हें कारण खरेंच, नापिकी व भाव यांची चिंता कोणत्या मुलीच्या बापास नसेल? परंतु दुसरें कारण त्या रकान्यांत आहे. जी जन्मलीच नाहीं तिचें स्थळ कोठून यावें?

आपण काय करावें

१. जन्म किंवा मृत्यु झाला कीं २१ दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत नोंद करावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांस शाळाप्रवेशापासून पुढील कित्येक कामांस जन्माचा दाखलाच पुरावा धरला जातो. मृत्यूची नोंद नसल्यामुळें वारसाचा फेरफार अडून विधवा वर्षानुवर्षें हेलपाटे घालते, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

२. गणती करणारा येईल तेव्हां वय नीट सांगावें. चाळीस, पन्नास, साठ असें ठोकळ वय सांगण्याची आपली खोड आहे. शाळेचा दाखला काढून ठेवावा. तो नसेल तर मोठ्या भावंडाच्या वयावरून ताळा घालावा. बहराचीं झाडें व कलमें एकाच रकान्यांत गेलीं तर अंदाज फसतो.

३. तान्ही मुलगी “अजून नांव ठेविलें नाहीं” म्हणून गाळूं नये. मजुरीस पुण्यामुंबईस गेलेल्या कुटुंबाची गणती कोठें झाली, याचीही विचारपूस करावी.

४. दरवर्षीं एका ग्रामसभेंत मागील वर्षीं गांवांत किती मुलगे व किती मुली जन्मल्या, हे दोन आंकडे मोठ्यानें वाचून दाखवावे, व मागील पांच वर्षांची बेरीजही सांगावी. कोणाचें नांव घेऊं नये, कोणावर आळ घालूं नये. एका वर्षाच्या आंकड्यावरून कांहीं ठरत नाहीं. पांच वर्षांची बेरीज मात्र खोटें बोलत नाहीं. आपल्या संघाच्या सभासदांनीं हा पायंडा पाडिल्यास त्यास एक पैसाही खर्च येत नाहीं.

पारावरच्या त्या गृहस्थांस मीं हेंच उत्तर दिलें. न्यूयॉर्कांत कोणी कोणास मोजीत नाहीं. तेथें फक्त बेरीज होते. मोजणी आपल्या ओसरीवर होते, व ती खरी कीं खोटी, पुरी कीं अपुरी, हें आपल्या हातीं आहे. पुढील गणतींत आपल्या जिल्ह्याचा तो रकाना पुन्हां भरला जाईल. तो पाहून सही करणाऱ्या कारकुनाला माझ्यासारखें गप्प बसावें लागूं नये, एवढीच इच्छा आहे.