रुपया धक्क्यावरच थांबतो

बँकेत माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची नऊ परकीय चलनाच्या खिडकीत. लोकांना डॉलर मोजून द्यायचे आणि ‘परदेशात जपून खर्च करा हं’ असं सांगायचं. निवृत्तीनंतर, २०१८ च्या नोव्हेंबरात, आम्ही दोघं सिंगापूरहून पहिल्यांदा क्रूझवर गेलो. शेवटच्या सकाळी केबिनच्या दाराखालून एक कागद आत सरकला. २१४ सिंगापूर डॉलर. मी मटकन पलंगावर बसले. तिकिटाचे पैसे तर केव्हाच भरले होते!

तेव्हा सिंगापूर डॉलर साडेबावन्न रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सव्वाअकरा हजारांना खड्डा. २०२५ संपताना तोच डॉलर सत्तरीला टेकला. त्या भावाने ते बिल पंधरा हजारांच्या घरात जाईल, आणि त्यात कोकचा एक थेंबही वाढलेला नसेल. त्या दिवसापासून मी वही ठेवायला लागले. पुढे आणखी दोन क्रूझ झाल्या. वहीतलं जे कामाला आलं, ते इथे उतरवते.

१. जहाजाआधी चलन बघा.
आपण फोटो बघतो, घसरगुंडी बघतो, बाल्कनी बघतो. जहाजावरचा हिशेब कुठल्या चलनात चालतो, हे कुणी विचारत नाही. सिंगापूरहून सुटणारी सगळी जहाजं सिंगापूर डॉलरात व्यवहार करत नाहीत. अमेरिकन कंपनीचं जहाज असेल तर बहुधा पाण्याच्या बाटलीपासून सगळं अमेरिकन डॉलरात. दुबईची क्रूझ म्हणजे ‘जवळची आणि स्वस्त’ असा आपल्याकडे एक समज आहे. पण दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७ दिरहम. डॉलर वर गेला की दिरहम त्याच्या पदराला धरून वर जातो. तिथे रुपयाला आडोसा नाही.

खरा आडोसा एकच, रुपयातलं जहाज. २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ सुटतं. १९९० साली बांधलेलं, आधी परदेशी कंपनीत फिरलेलं जहाज. आमची तिसरी क्रूझ तीच, मुंबई-गोवा. जीएसटी लागतो, पण बारचं बिलसुद्धा रुपयात वाचताना जी शांतता मिळते ती मला सिंगापुरात कधी मिळाली नव्हती.

२. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
जाहिरातीतला आकडा म्हणजे कोंबडी. त्यावर बंदर शुल्क आणि कर येतात, आणि मग येते ग्रॅच्युइटी. आपल्याकडे टीप ही खुशीची गोष्ट. जहाजावर ती माणशी, रोजची, ठरलेली असते आणि आपोआप बिलाला लागते. २०२५ च्या फेब्रुवारीत दुसरी क्रूझ केली, सिंगापूर-पेनांग-फुकेत, चार रात्री. जहाज अमेरिकन कंपनीचं, म्हणजे पहिला नियम मी स्वतःच मोडला होता. ग्रॅच्युइटी माणशी रोज साडेअठरा डॉलर. दोघांचे चार दिवसांचे १४८ डॉलर, सत्याऐंशीच्या भावाने जवळजवळ तेरा हजार रुपये. एवढ्यात आमची पुणे-नागपूर वारी हॉटेलसकट होते.

ग्रॅच्युइटी टाळायला जाऊ नका. काउंटरवर जाऊन काढून टाका म्हणणारे आपले लोक मी पाहिलेत आणि मला लाज वाटली. आपली चादर बदलणारा पोरगाही कोकणातला किंवा गोव्याचा असू शकतो, त्याच्या पगाराचा तो भाग असतो. फक्त तिकिटाबरोबरच, एजंटमार्फत, आधी रुपयात भरून टाका. त्यात फारशी सूट मिळत नाही, पण आकडा घरी बसून कळतो.

पेयांचंही तसंच. मेनूवरची किंमत खरी नसते, तिच्यावर आमच्या जहाजावर १८ टक्के सेवाशुल्क चढत होतं. ‘ड्रिंक्स पॅकेज’ रोज सहा-सात पेले पिणाऱ्यांना परवडतं. आमचे हे दोन दिवसांत एक घेतात. आम्ही ते घेतलं नाही. बुफेत चहा, कॉफी, पाणी फुकट होतं.

तरी मी विजेची किटली नेली होती. सवय! तपासणीत ती बाजूला निघाली, तिला चिठ्ठी लावली आणि उतरताना परत मिळाली. आग लागण्याच्या भीतीने जहाजावर किटली, इस्त्री चालत नाही. चहाच्या प्रीमिक्सची पाकिटं मात्र राहिली, आणि बुफेत उकळतं पाणी चोवीस तास होतं. चार दिवस दोघांनी घरचा चहा प्याला.

३. केबिनमध्ये चौघं मावत असतील तर मावा.
तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बहुतेक वेळा पहिल्या दोघांपेक्षा बरंच कमी असतं. आम्ही, नणंद आणि तिचे यजमान अशी चौकडी मुंबईच्या क्रूझला एकाच केबिनमध्ये होतो. घोरण्याचा प्रश्न होता. तो नणंदेने कापसाच्या बोळ्यांनी सोडवला. कर आणि सेवाशुल्क मात्र दरडोईच, ते वाटून घेता येत नाही.

४. डॉलर एकदम घेऊ नका, एसआयपीसारखे घ्या.
हे माझ्या खिडकीचं ज्ञान. बुकिंगच्या वेळी थोडे पैसे भरायचे आणि बाकीचे प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी, अशी रीत असते. मधल्या काळात रुपया घसरला तर घसरण आपल्या खिशातून जाते. खिडकीपाशी लोक रोज येऊन ‘उद्या उतरेल का हो?’ विचारायचे. मला माहीत असतं तर मी खिडकीत कशाला बसले असते? म्हणून मी बुकिंग झाल्या दिवसापासून दरमहा थोडं चलन फॉरेक्स कार्डावर भरते. सरासरी भाव मिळतो आणि झोप लागते. मात्र हजार-दोन हजारांचे तुकडेही करू नका. चलन बदलताना जीएसटी लागतो आणि तो किमान ४५ रुपये असतोच. पंचवीस हजारांच्या खालचा तुकडा म्हणजे त्या ४५ रुपयांना फुकट जेवू घालणं.

५. फॉरेक्स कार्ड जहाजावर नोंदवू नका.
ही चूक माझी, तीही नऊ वर्षं खिडकीत बसून. २०१८ ला चढताना मी दिमाखात फॉरेक्स कार्ड पुढे केलं. त्यांनी त्यावर ३०० डॉलर अडवून ठेवले, अनामत म्हणून. शेवटी बिलाचे २१४ वेगळे वळते झाले, आणि अडवलेले ३०० तसेच लटकत राहिले. दुसऱ्या दिवशी सिंगापुरातल्या मुस्तफा सेंटरमध्ये टायगर बामचा डझन हातात, मागे रांग, आणि मशीन म्हणतंय शिल्लक नाही. ते पैसे सुटायला तीन आठवडे लागले.

जहाजावर क्रेडिट कार्ड द्या, कारण तिथे अडते ती मर्यादा, आपली रोकड नव्हे. पण कार्ड बघून निवडा. नेहमीच्या कार्डावर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी पडतो. म्हणजे शंभर डॉलरमागे चार डॉलरांहून जास्त पैसे नुसते वाऱ्यावर. शून्य मार्कअपची कार्डं मिळतात. आणि दुकानातल्या मशीनने ‘रुपयात घेऊ का?’ असं गोड विचारलं तर ‘नको’ म्हणा. तो भाव दुकानाच्या बाजूने लावलेला असतो.

६. जहाज बंदर सोडतं त्या क्षणी फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि ते आपल्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा बसत नाही. ह्यांनी एका रात्री क्रिकेटचा स्कोअर बघितला. साडेतीन हजार रुपये. भारत जिंकला होता, म्हणून मी काही बोलले नाही.

७. बंदरात पायी चाला.
सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात आणि सगळ्यात जास्त मजाही इथेच. पेनांगला जहाजाची सहल माणशी ६९ डॉलरला होती, दोघांची बारा हजार रुपयांना. आम्ही नाही म्हणालो. स्वेटनहॅम पियरवर उतरलं की जॉर्ज टाउन समोरच आहे. दहाएक मिनिटं चाललं की लिटल इंडिया, तमिळ गाण्यांचा दणका, मोगऱ्याचे गजरे. क्वीन स्ट्रीटवर १८३३ सालचं मारिअम्मन मंदिर, पुढे कपितान केलिंग मशीद. गावात फिरायला एक फुकट बसही आहे, कॅट नावाची. खुंट्यांवर उभी असलेली चिनी घराण्यांची लाकडी वस्ती बघितली, डोसा खाल्ला, फेसाळता तेह तारिक प्यालो. उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात चहा ओतणारा तो माणूस बघून ह्यांना आमच्या कॉलेजच्या दिवसांतला इराणी आठवला. दोघांचा दिवसभराचा खर्च ६० रिंगिट, म्हणजे बाराशेच्या आत.

दोन गोष्टी सांभाळा. कंपनीची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्यासाठी थांबणार नाही. आणि फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फोन आपणहून वेळ बदलतो, जहाज बदलेलच असं नाही. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेला लावा.

८. टीसीएस विसरू नका. परदेशी सहलीच्या पैशांवर एजंट टीसीएस हा कर आगाऊ वसूल करतो. आमच्या वेळी पाच टक्के होता. दर आणि मर्यादा अर्थसंकल्पागणिक हलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा विचारा. पैसे बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात. पण बुकिंग ज्याचं विवरणपत्र भरलं जातं त्याच्याच पॅनवर करा. माझ्या एका मैत्रिणीने ते सासूबाईंच्या पॅनवर केलं आणि त्या वसूल झालेल्या रकमेसाठी सासूबाईंचं आयुष्यातलं पहिलं विवरणपत्र भरावं लागलं.

९. दोन ठिकाणी काटकसर नको. एक, प्रवास विमा. जहाजावरचा डॉक्टर डॉलरात बोलतो. दोन, एक दिवस आधी पोचणं. ज्या दिवशी जहाज सुटतं त्याच पहाटे उतरणारं विमान घेऊन हजार-दोन हजार वाचवणारे लोक बंदरावरून पाठमोरं जहाज बघतात. आणि सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, ते पाहून घ्या. फुकेतहून परतताना तुम्ही त्या देशात दुसऱ्यांदा शिरत असता.

फेब्रुवारीतल्या त्या क्रूझच्या शेवटच्या सकाळीही दाराखालून कागद आला. मी चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचला. १० डॉलर ६१ सेंट, ह्यांची एक बिअर, सेवाशुल्कासह. सव्वानऊशे रुपये. त्यातले दोन घोट मीही घेतले होते.