बुंदीच्या तोंडात हात घालू नकोस

तासगाव,
१४ डिसेंबर

चि. सायली हिस,


सकाळी फोनवर मी "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा" एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. तुला राग आला असेल. पण पुढचं मला बोलवेना, म्हणून लिहायला बसलोय. मामी या कागदांचे फोटो काढून तुला पाठवेल.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. बुंदी एकाएकी मान लांब करून खोकायला लागली, ओकारी यावी तसं करायला लागली. तुला वाटलं, घशात हाड अडकलं. तू जबडा उघडून दोन बोटं आत घातलीस. हाताला काही आलं नाही, बोटाला दात मात्र लागला. मग तू तुझं स्वतःचं खोकल्याचं औषध तिला अर्धा चमचा पाजलंस. हे सांगता सांगता तुझी आई मध्येच गप्प झाली. ती का गप्प झाली ते तुला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि रात्रभर माझा डोळा लागलेला नाही.

बोट साबणाने धुतलंस का? नुसतं नळाखाली धरून चालत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवायचं असतं. नसेल धुतलं तर वाचणं इथेच थांबव आणि आधी धू. आणि बुंदीला जसं दाखवशील तसं तुझं बोटही माणसांच्या डॉक्टरांना दाखव. बुंदीला रेबीजची लस दरवर्षी दिलेली आहे, मी स्वतः तिचं कार्ड पाहिलंय, तरीही दाखव.

आता औषधाचं. सायले, शिकलीसवरलेली पोर तू. तीन किलोचा जीव तो! आपल्या अंगाला जे मानवतं ते कुत्र्याला मानवतंच असं नाही. तापावरची साधी पॅरासिटामॉल, अंगदुखीची आयब्युप्रोफेन या गोळ्या कुत्र्यांच्या जिवावर उठतात. बिनसाखरेच्या काही औषधांत झायलिटॉल नावाची गोडी घातलेली असते. आपल्याला तिचं काही होत नाही, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर ती झपाट्याने उतरवते. तू पाजलेली बाटली डॉक्टरांकडे घेऊन जा. लपवू नकोस, लाजू नकोस. किती पाजलं आणि किती वाजता, तेही सांग.

मला जे वाटतंय तेही लिहितो. मैत्रिणीच्या लग्नाला गेलीस तेव्हा बुंदीला चार दिवस बोर्डिंगला ठेवली होतीस. अशा ठिकाणी दहा घरची कुत्री एकत्र येतात आणि सर्दीसारखा एक खोकला एकापासून दुसऱ्याला लागतो. डॉक्टर त्याला केनेल कफ म्हणतात. घरी आल्यावर बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतो. कोरडा, ठसकेबाज खोकला, आणि त्याच्या शेवटी ओकारी आल्यासारखं करून थोडा पांढरा फेस. बघणाऱ्याला हमखास वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. बहुतेक कुत्री दोन-तीन आठवड्यांत त्यातून बरी होतात. पण बुंदीसारख्या पॉमेरेनियनचं आणखी एक असतं. या लहान जातींची श्वासनलिका मुळात कमकुवत निघू शकते. नळीला आधार देणाऱ्या कूर्चेच्या कड्या ढिल्या पडतात, नळी चपटी होते आणि बदक ओरडल्यासारखा खोकला येतो. गळ्यातला पट्टा ओढला की तो वाढतो, अंगावर चरबी चढली की वाढतो, घरात धूर झाला की वाढतो. तेव्हा तो घुंगरांचा पट्टा आजपासून काढ आणि छातीभोवती बसणारा हार्नेस घे. मच्छर अगरबत्ती बंद. आणि पाव-बिस्किटं बंद, हे तुला कितव्यांदा सांगतोय? बुंदी आता नऊ वर्षांची झाली. या वयात लहान कुत्र्यांना हृदयाचाही त्रास सुरू होतो आणि त्याचाही खोकलाच दिसतो. ती गाढ झोपली की घड्याळ लावून एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोज. तीसच्या वर आकडा जायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही. आणि ती खोकत असताना मोबाईलवर चित्रण करून ठेव, कारण डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली की कुत्री एकदाही खोकत नाहीत.

अडकणं निराळं असतं. खोकल्याचा आवाज येतोय म्हणजे हवा आत-बाहेर होतेय. खरंच अडकलं की आवाज फुटत नाही किंवा नुसती शिट्टी वाजल्यासारखं होतं, कुत्रं पंजाने तोंड ओरबाडतं, लाळ गळते, हिरड्या निळ्या पडतात. तशी वेळ आलीच तर तोंड उघडून उजेडात बघायचं. जे डोळ्यांना दिसतं आणि चिमटीत धरता येतं तेवढंच काढायचं. आंधळेपणाने बोटं घातली की वस्तू आणखी खाली जाते. दिसलं नाही तर बुंदीएवढ्या कुत्रीला मागच्या पायांकडून उचलून डोकं खाली करायचं, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापा द्यायच्या आणि रिक्षा पकडायची.

पण न बघता तोंडात हात घालू नकोस. हे मी पुन्हा पुन्हा का लिहितोय, ते आता सांगतो.

आईला लहानपणी आमचा कुत्रा वाघ्या चावला होता आणि तिला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, असं तू ऐकत आलीस. म्हणून ती कुत्र्याला शिवत नाही, म्हणून तू बुंदी आणलीस तेव्हा ती दोन महिने तुझ्याकडे आली नाही. सायली, वाघ्या तिला चावला नव्हता. वाघ्या आयुष्यात कोणालाही चावला नाही.

१९८३ साल होतं. मी एकोणीस वर्षांचा, तुझी आई बारा वर्षांची. वाघ्या मळ्यावर असायचा, द्राक्षांच्या मांडवाखाली झोपायचा. त्याला लस टोचायची असते हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. एक दिवस तो भाकरीला तोंड लावीना. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, घोगरा आवाज काढून गिळायचा प्रयत्न करायचा आणि जमायचं नाही. आदल्या दिवशी घरात मटण झालं होतं. मी म्हणालो, हाड अडकलंय. तुझी आई घाबरत होती. "दादा, आपण आबांना बोलवू," असं ती दोनदा म्हणाली. मी ऐकलं नाही. तिला वाघ्याचं डोकं धरायला लावलं आणि कोपरापर्यंत लाळ लागली तरी त्याच्या घशात हाड शोधत राहिलो. मांडवाच्या तारेने माझा हात आधीच कापलेला होता. तिच्या मनगटावरही ओरखडे होते. वाघ्या बिचारा हललासुद्धा नाही. माझ्याकडे बघत होता.

हाड नव्हतंच. तिसऱ्या दिवशी तो मांडवाखालीच गेला. म्हशीला बघायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांना आबांनी सहज सांगितलं तेव्हा त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, "तोंडात हात कुणी घातला?" पिसाळलेलं कुत्रं नेहमी अंगावर येतंच असं नाही. कधी कधी रेबीजमध्ये आधी जबड्याची आणि घशाची ताकद जाते, आणि बघणाऱ्याला वाटतं हाड अडकलंय. रोगाचा विषाणू त्या लाळेत असतो.

मग चौदा दिवस रोज बेंबीभोवती एक सुई. ती जुनी लस आता बंद झाली. आता दंडात टोचतात आणि सुयाही थोड्याच. पण तेव्हा तेच होतं. सायकलच्या पुढच्या दांडीवर तिला बसवून मी रोज न्यायचो. येताना लिमलेटच्या गोळ्या घेऊन द्यायचो. ती गोळी तोंडात ठेवून रडायची. आबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, वाघ्या चावला. मार चुकवायला म्हणालो. तुझी आई शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. चाळीस वर्षांवर होऊन गेली, ती आजतागायत बोललेली नाही. माझ्या चुकीचा आळ त्या मुक्या जनावरावर राहिला आणि तुझ्या आईच्या मनात कुत्र्याची भीती राहिली.

काल रात्री मी तिला म्हणालो, मी सायलीला खरं सांगणार आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांग. वाघ्या शहाणा होता."

बुंदीला रेबीज झालाय असं मी म्हणत नाही. ती खातेय, पाणी पितेय, शेपूट हलवतेय, लस झालेली आहे. तू घाबरू नकोस. सकाळी रागावून बोललो ते या म्हाताऱ्याच्या मनातलं जुनं भय होतं. तू तिच्या घशात बोटं घातलीस ती तिच्या मायेनेच. मीसुद्धा वाघ्यावरच्या मायेनेच हात घातला होता. लांबच्या शहरात एकटीने नोकरी करतेस, रात्री दार उघडलं की ती एवढीशी कुत्री तुझ्या पायात येते, हे मी पाहिलंय. तिला काही झालं तर तुझं काय होईल, याचीच मला जास्त काळजी आहे.

आज रात्री न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोड, दार लावून दहा-पंधरा मिनिटं तिला मांडीवर घेऊन वाफेत बस. कोरडा घसा त्याने जरा सैल पडतो. पाणी जवळ ठेव. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यांना भेटायला पंधरा दिवस नेऊ नकोस, त्यांना लागण होईल.

रविवारी तुझी आई येतेय. तिकीट मी काढून दिलंय. ती बुंदीला जवळ घेईल असं नाही, तू आग्रह करू नकोस. बसू दे तिला लांबून बघत.

डॉक्टर काय म्हणाले आणि तुझ्या बोटाला काय केलं, दोन्ही आज कळव. रात्री ती पुन्हा तसं करायला लागली तर कितीही वाजले असले तरी फोन कर. फोन उशाशी ठेवला आहे.

तुझा,
मामा