टोकनआधी वही उघडा: घराची खरी किंमत मांडायची कृती

सांगलीच्या विश्रामबागेत फ्लॅट बघताय की साताऱ्याच्या गोडोलीत? छान! वही, पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. क्रम मात्र मोडू नका.

१. पानाच्या वर ठरलेली किंमत लिहा.

२. ताजा सात-बारा काढा. शहरात मिळकत पत्रिका. ‘महाभूमी’ या सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सात-बारा १५ रुपयांत मिळतो. विक्रेत्याच्या जुन्या झेरॉक्सवर भागवू नका.

३. सात-बाऱ्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. आपल्याकडे कालच्या उसाच्या रानातच आज प्लॉट पडतात, त्यामुळे विकास सोसायटीचा बोजा तिथे हमखास शोधा. “कर्ज फिटलंय हो, नोंद तेवढी राहिलीय,” असं कुणी म्हणालं, तर बोजा कमी झाल्याचा फेरफार हातात येईपर्यंत टोकन देऊ नका. फेडलं की फेडायचंय, हे कागदच सांगतो.

४. घरपट्टीची शेवटची पावती मागा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते: ४०,००० थकले, तर महिन्याला ८००.

५. मुद्रांक शुल्क मांडा. करारातली किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांतली जास्त रक्कम धरा. कमी भरलंत, तर फरकावर दरमहा २ टक्के दंड लागतो.

६. नोंदणी फी जोडा: १ टक्का, फार तर ३०,००० रुपये.

७. बँकेकडून सगळ्या शुल्कांची यादी लेखी घ्या: प्रोसेसिंग फी, त्यावरचा जीएसटी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, गहाणाचा खर्च. तोंडी आकडा वहीत चढवू नका.

८. आता हप्ता फोडा. २० लाख, ९ टक्के, २० वर्षं: हप्ता साधारण १७,९९५. पहिल्या महिन्याचं व्याज १५,००० (२० लाख × ९ ÷ १२०० करून बघा), म्हणजे मुद्दल फिटलं फक्त २,९९५! वीस वर्षांचं एकूण व्याज होतं सुमारे २३ लाख १९ हजार. घाबरू नका, पण हा आकडा लाल पेनानं लिहा.

९. बांधकाम चालू असेल, तर प्री-ईएमआय वेगळा धरा. बँकेनं ५ लाख सोडले की त्याच ९ टक्क्यांनी महिन्याला ३,७५० नुसतं व्याज; मुद्दल तसंच. ताबा १८ महिने लांबला, तर ६७,५०० गेले. घरभाडं चालूच, तेही लिहा.

१०. सगळ्याची बेरीज करा.

११. व्याजदर फ्लोटिंग आहे ना, हे मंजुरीपत्रात तपासा. स्वतःच्या नावावरच्या अशा गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड घेऊ शकत नाही.

१२. बोनस आला की जादा रक्कम मुद्दलात भरा, आणि ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं अर्जात लिहून द्या.