माशी हाती का लागत नाही?

मुलांनो, गेल्या रविवारी बाराखडी चालू असताना वर्गात एक माशी शिरली. दोघांनी वही उगारली, पण ती दर वेळी निसटली. "बाई, तिचे पंख कोण हलवतं?" असा प्रश्न मागच्या बाकावरून आला. मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

चतुराचे सोपे आहे. त्याचे स्नायू थेट पंखांच्या मुळाशी जोडलेले असतात. चारही पंख तो वेगवेगळे हलवू शकतो, म्हणून हवेत एका जागी थांबतो, मागेसुद्धा सरकतो.

माशीची तऱ्हा निराळी. तिचे मोठे स्नायू पंखांना नव्हे, छातीच्या कवचाला जोडलेले असतात. उभे स्नायू आखडले की छातीचे छप्पर दबते आणि पंख वर जातात. पुढून मागे जाणारे स्नायू आखडले की छप्पर फुगते आणि पंख खाली येतात. प्लॅस्टिकचे पातळ झाकण दोन बाजूंनी दाबून पाहा, मधला भाग असाच वर येतो.

माशी सेकंदाला सुमारे २०० वेळा पंख मारते. प्रत्येक वेळी मज्जातंतूचा निरोप यायचा म्हटले तर जमणारच नाही. पण एक जोडी आखडली की दुसरी ताणली जाते, आणि ताण बसताच तीही आखडते. निरोप अधूनमधून आला तरी पुरतो.

मग वळायचे कसे? पंखाच्या मुळाशी अगदी बारीक स्नायू असतात. फळांवरच्या चिमुकल्या माशीत ते एका पंखाला १२ असतात. पंख किती कलायचा, किती लांब फिरायचा, हे ते ठरवतात. मोठे स्नायू म्हणजे गाडीचे बैल, आणि हे बारीक स्नायू म्हणजे कासरा. (कासरा म्हणजे काय, ते आजोबांना फोनवर विचारा!)

शिवाय माशीला पंख दोनच. मागच्या पंखांच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन दांड्या असतात. त्या पंखांच्या उलट तालात हलतात. अंग जरा कलंडले तरी त्यांना कळते, आणि बारीक स्नायू लगेच तोल सावरतात. केंब्रिजच्या जॉन प्रिंगल यांनी १९४८ साली हे उलगडून दाखवले. या दांड्या काढल्या तर माशी गिरक्या खात खाली पडते.

घरमाशीच्या दांड्या सहज दिसत नाहीत. पण दिव्याभोवती घुटमळणारी, डासासारखी दिसणारी, खूप लांब पायांची माशी पाहिली आहे ना? ती चावत नाही. ती भिंतीवर बसली की पंखांच्या मागे पाहा, तिच्या दांड्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. रविवारी येताना चित्र काढून आणा.