शिलाजतूसदृश विषारी खनिज : पिटिसाइट

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाताना आंबेनळी घाटातील कड्यांवर तांबूस-तपकिरी पापुद्रे दिसतात. कातळातील लोहाचा हवा-पाण्याशी संयोग होऊन ते बनतात. हा कातळ बेसॉल्टचा असून दख्खनच्या लाव्हास्तरांतील एका स्तरसमूहास ‘आंबेनळी’ हेच नाव आहे. येथे आर्सेनिकची धातुके नाहीत, म्हणून हे पापुद्रे निर्धास्त पाहावेत. परंतु बाजारातून येणारे खनिजद्रव्य कोणत्या खडकातील, हे वैद्यांस व औषधालयांस क्वचितच ठाऊक असते. म्हणूनच पिटिसाइटचा परिचय आवश्यक वाटतो.

उत्पत्ती : आर्सेनोपायराइट हे लोह, आर्सेनिक व गंधक यांचे खनिज असून त्यात सुमारे ४६ टक्के आर्सेनिक असते. खाणीत त्यास हवा व पाणी लागताच आम्लधर्मी द्राव झिरपतो. त्यातील लोह, आर्सेनेट व सल्फेट चिकट गोळ्याच्या रूपाने साचतात व वाळून तडकतात. स्फटिकरचना नसल्याने यास अस्फटिक, तर मूळ खनिजाच्या विघटनातून बनल्याने दुय्यम खनिज म्हणतात.

लक्षणे : वर्ण पिवळट ते गडद तपकिरी, चकाकी काचेसारखी वा स्निग्ध, काठिण्य २ ते ३. घटकांचे प्रमाण निश्चित नसते. डांबराशी असलेल्या साम्यावरूनच ग्रीक शब्दातून त्याचे नाव पडले. खडकावर थिजलेल्या राळेसारखे दिसत असल्याने शिलाजतूचा भ्रम होऊ शकतो.

परीक्षण : शिलाजतू निखाऱ्यावर निर्धूम जळते व पाण्यात तंतुरूपाने विरघळत खाली जाते, ही परंपरागत परीक्षा आपणांस परिचित आहे. अनोळखी मालावर अग्निपरीक्षा प्रथम करू नये. पिटिसाइट निखाऱ्यावर टाकल्यास लसणासारख्या वासाचा विषारी आर्सेनिकयुक्त धूर निघतो. चवही घेऊ नये. प्रथम जलपरीक्षा करावी. शिलाजतूस गोमूत्रासारखा गंध असतो व ते उष्णतेने मऊ होते. पिटिसाइट ठिसूळ असते, मऊ होत नाही व तंतू सोडत नाही. मात्र भेसळ असल्यास ही लक्षणे झाकली जातात, तेव्हा प्रयोगशाळाच निर्णायक होय.

शोधनाची मर्यादा : शिलाजतूच्या शोधनात द्राव घेऊन गाळ टाकतात. त्यामुळे दोष गेला असे वाटते. परंतु अस्फटिक लोह-आर्सेनेटातून आर्सेनिक सहज सुटते, क्षारधर्मी द्रवात अधिकच. सुटलेले आर्सेनिक द्रावाबरोबर औषधात उतरते.

प्रमाण : निर्यातीच्या वनस्पतिज औषधांचे जड धातूंसाठी परीक्षण १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य झाले. त्यात आर्सेनिकची मर्यादा ३ पीपीएम आहे. किलोभर मालात २० टक्के आर्सेनिक असलेले पिटिसाइट केवळ १ ग्रॅम आले, तरी प्रमाण २०० पीपीएम होते.

निष्कर्ष : शिलाजतू, माक्षिक व गैरिक खरेदी करताना प्रत्येक खेपेचे उगमस्थान व आर्सेनिकचा तपासणी-अहवाल मागावा. शोधनापूर्वी आणि शोधनोत्तर, दोन्ही नमुने तपासावेत. शोधन हा ग्राह्य द्रव्यावरील संस्कार आहे; अग्राह्य द्रव्य त्याने ग्राह्य होत नाही.