स्पीकर पाच, आवाज दोघांतूनच

प्रश्न : ब्लू-रे प्लेअर आणि सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला जोडले आहेत. टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल केबल आहे. चित्र सुरेख दिसतं, पण मागचे स्पीकर गप्पच. असं का?

उत्तर : दोष स्पीकरचा नाही, जोडणीचा आहे. एचडीएमआयने आत आलेला आवाज ऑप्टिकलमधून बाहेर सोडताना अनेक टीव्ही त्याचा दोन चॅनेलचा स्टिरिओ करून टाकतात. शिवाय ऑप्टिकलची झेपही बेताचीच. दाबून लहान केलेला ५.१ डॉल्बी डिजिटल तिला पेलतो. ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी तिच्यातून जातच नाही, आणि चांगल्या डिस्कची खरी मजा तर त्यातच असते.

म्हणून प्लेअर आणि बॉक्स आधी रिसीव्हरच्या ‘एचडीएमआय इन’ला जोडावेत. रिसीव्हरच्या ‘आउट’पासून एकच केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या पोर्टमध्ये जावी. शेजारचं पोर्ट दिसायला सारखंच असलं तरी चालत नाही. टीव्हीतल्या अ‍ॅप्सचा आवाज याच केबलने उलट रिसीव्हरकडे येतो. ही सोय २००९च्या एचडीएमआय १.४ मध्ये आली.

मग टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’ (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना नियंत्रित करण्याची सोय) सुरू करावं, प्लेअरचा ऑडिओ ‘बिटस्ट्रीम’वर ठेवावा, म्हणजे आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरकडे जातो.

रिसीव्हर जुना असेल आणि ४के चित्र पुढे पाठवत नसेल, तर लगेच नवा घ्यायची गरज नाही. काही प्लेअरना दोन एचडीएमआय आउट असतात: एक थेट टीव्हीला, दुसरं फक्त आवाजासाठी रिसीव्हरला.